मोज्यातले कप

आबा, तुमच्या तेराव्याला मला कागदी कपात चहा मिळाला. यात सुनीता वहिनींची काही चूक नाही. तुमच्या सुनेला त्या दिवशी शंभर व्यवधानं होती आणि माणसं दारापर्यंत उभी होती. पण पलीकडच्या खोलीत, लाकडी कपाटात, तुमच्या फौजेतल्या लोकरी मोज्यांमध्ये एकेक करून घातलेले सत्तर-ऐंशी जुने कप नुसते बसून होते, आणि त्यांच्या मालकाच्या तेराव्याला आम्ही सगळे पुठ्ठ्यातून चहा पीत होतो. "ह्यो चहा हाय का पुठ्ठ्याचा काढा?" हे मला अगदी तुमच्या आवाजात ऐकू आलं. बारा दिवस डोळे कोरडे होते, ते तिथे वाहायला लागले. शेजारच्या एका बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "आप बेटी हैं?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

तुम्हाला सांगायचं एक वाक्य माझ्याकडे राहून गेलंय. फार मोठं नाही. फोनवरसुद्धा सांगता आलं असतं, आणि फोन तर तुम्ही स्वतःच दोनदा केला होता. मी उचलला नाही. म्हणून आता लिहिते आहे, आणि नेहमीसारखी आधी इकडचं तिकडचं बोलून घेणार आहे. तुम्ही म्हणायचात ना, "नाशिकवाले मुद्द्यावर यायला गोदावरीला वळसा घालून येतात." तसंच समजा.

आपली ओळख सुईने करून दिली. जयपूरच्या वैशाली नगरात, बाजारामागे शबनम बाजींच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी मशीनवरच्या भरतकामाचा क्लास. चार मशीन, सहा-सात मुली, आणि खिडकीजवळ इस्त्रीचा शर्ट खोचून, बूट दाराबाहेर जोडीने लावून बसलेले सत्तरीचे तुम्ही. मी आठवडाभर कंपनीत लॅपटॉपसमोर बसणारी, घरी गेल्यावर भिंतींशी बोलणारी. हाताने काहीतरी कर, नाहीतर वेड लागेल, असं मीच मला बजावून तिथे आले होते. पहिल्या दिवशी वाटलं, हे आजोबा नातीला सोडायला आलेत आणि ऊन आहे म्हणून टेकलेत. मग तुमच्या बोटात सुई गेली आणि तुम्ही ओरडलात, "आयो आयो आयो, मेलो!" जयपुरात तीन वर्षं काढल्यावर इतकं खणखणीत मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मराठी?" मी विचारलं.

"सातारा," बोट तोंडात ठेवून तुम्ही म्हणालात. "तू?"

"नाशिक."

"मग बगतीस काय? चिंधी दे."

मी दिली. तेव्हापासून तुमच्या शेजारचं मशीन माझं झालं.

मशीनवरच्या भरतकामात कापड आपण चालवायचं असतं, हे समजायलाच मला महिना गेला. कापड दाबून धरणारं फूट काढून टाकायचं, ते पुढे सरकवणारे खालचे दाते उतरवायचे, कापड लाकडी रिंगमध्ये ढोलकीसारखं ताणायचं आणि दोन हातांनी ती रिंग सुईखाली फिरवायची. पाय जोरात आणि हात हळू असला तर दोऱ्याचा गोळा होतो. हात जोरात आणि पाय हळू असला तर सुई तुटते. मी गोळे करायचे, तुम्ही सुया तोडायचात. बाजी म्हणायच्या, "आबाजी, सुई दुश्मन नहीं है, आराम से।" तुम्ही "जी, उस्ताद" म्हणायचात आणि पुढची सुई तोडायचात.

पण चार महिन्यांत तुमची पानं माझ्या पानांपेक्षा चांगली यायला लागली, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं. देठ तर इतके सरळ की पट्टी लावून बघावेत. अडायचं फक्त एका ठिकाणी. फुलाचा मधला ठिपका किंवा पाखराचा डोळा काढायचा तर रिंग जागच्या जागी धरून ठेवायची आणि आठ-दहा टाके एकाच भोकात पाडायचे. तुमचा हात थरथरायचा. रिंग फिरवणं जमायचं, थांबवणं जमायचं नाही. मग तुम्ही कापड माझ्याकडे सरकवायचात. "डोळं तेवढं तू कर." असे तुमच्या रुमालांवरचे, ट्रेच्या कापडांवरचे, उशीच्या अभ्र्यांवरचे सगळे डोळे माझे आहेत.

तुम्हाला हे शिकायचं कशाला होतं, ते मला फार उशिरा कळलं. फौजेत होतात एवढंच ठाऊक होतं. बंदुकीच्या, बर्फाच्या, सीमेच्या गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून मी तुमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले, आणि तुम्ही कपाट उघडून मोजे काढायला लागलात. प्रत्येक मोज्यातून एक कप. कडेला सोनेरी रेघ असलेला, निळ्या वेलींचा, आतून मोतिया रंगाचा. कुणाच्या बशीला दुसऱ्याच सेटचा कप मिळालेला, एका साखरदाणीचं झाकण तिसऱ्याच घराण्यातलं. जुन्या सामानाच्या बाजारातून, बंगले रिकामे करणाऱ्या कबाड्यांकडून तुम्ही एकेक वेचून आणलेले. तुम्ही कप उजेडासमोर धरलात, मागे बोट नेलंत आणि बोटाची सावली कपातून दिसली. मग नखाने काठावर टिचकी मारलीत आणि कान देऊन ऐकलंत.

"आवाज गोल आला का? मंजी तडा न्हाई. तडा डोळ्याला दिसत न्हाई, कानाला कळतो."

"आबा, तुम्ही फौजेत नक्की काय होता?"

"मेस हवालदार. साहेब लोकांच्या चहाचा बंदोबस्त." छाती पुढे काढून तुम्ही म्हणालात, आणि मग स्वतःच हसलात. ट्रेवर घालायच्या कापडांच्या कोपऱ्यात भरलेली फुलं इतकी वर्षं इस्त्री केली होतीत की ती तुम्हाला पाठ होती. निवृत्त झाल्यावर शेवटची बदली होती तिथेच, जयपुरात राहिलात. मुलगा विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागला, घर झालं, कप जमले. राहिली होती कापडं. तशी कापडं बाजारात मिळेनात म्हणून सत्तराव्या वर्षी तुम्ही भरतकाम शिकायला निघालात. मला हसू आलं नाही, आबा. कुणीतरी आपल्या वयाचा विचार न करता काहीतरी हवं म्हणतंय, हे मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

चहाचे तुमचे नियम मात्र डोक्यात जायचे. मी ‘किटली’ म्हटलं की तुम्ही कान पकडायचात. "किटली टपरीवर असती. ह्यो टीपॉट." पाहुण्याने ओतायचं नाही. दांडी ओतणाऱ्याच्या उजव्या हाताला, तोटी डावीकडे. पहिला कप पाहुण्याचा, मग घरच्यांचा, आणि अगदी शेवटी तुमचा. तोही नेहमी तोच, काठाला टवका गेलेला. घरात एवढे देखणे कप असताना तुम्ही त्या टवक्यातून प्यायचात आणि मी दर रविवारी त्यावरून कटकट करायचे.

"चांगल्या कपातून प्या की कधीतरी."

"मला ह्योच गोड लागतो. टवका कुठं हाय, ते वठाला ठाऊक झालंय."

कानोत्याला गेलो होतो ते आठवतं? थंडीचे दिवस, धरणाला पाणी, तुमचा मुलगा, वहिनी, मी, आणि एक लोखंडी ट्रंक. सगळी दुनिया सहलीला पोहे आणि पत्ते नेते, तुम्ही मोज्यातले बारा कप नेलेत. बाजूला एक मोठं कुटुंब बसलं होतं. ते लोक तोंडात घास ठेवून बघत राहिले. ट्रंकेतून मोजे निघतायत, मोज्यांतून सोनेरी रेघेचे कप निघतायत! तुम्ही उठून त्यांना म्हणालात, "आइए साहब, चाय लीजिए।" अनोळखी माणसांच्या हातात तुम्ही तुमचे सगळ्यांत पातळ कप दिलेत. एक बाई तर कप धरून तशीच बसून राहिल्या, प्यायच्याच नाहीत. आणि तुम्ही सगळ्यांना देऊन झाल्यावर टवक्याचा कप घेऊन पाण्याकडे तोंड करून बसलात.

मी शेजारी येऊन बसले तेव्हा तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. नवे नवे मेसमध्ये लागला होतात, बावीस-तेवीस वर्षांचे. तुमचा चहा मागच्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या मगमध्ये, उभ्याने. एका दुपारी मेस रिकामी होती. टीपॉटमध्ये थोडा चहा उरला होता. तुम्ही साहेबांच्या कपात ओतलात आणि दोन घोट घेतलेत. तेही उभ्यानेच.

"कसा लागला?" मी विचारलं.

"भ्या वाटलं. चव कुठली कळतीय? दोन घोट घेतलं आन् कप तीनदा धुतला." मग म्हणालात, "हे घरात कुणाला ठाऊक न्हाई. सुनीताला पण न्हाई. तू बोलू नको."

नाही बोलणार, असं मी म्हणाले होते.

त्यानंतर तो टीपॉट. तुमच्या सगळ्या खजिन्यातला लाडका. पांढरा, पोट सुटलेला, अंगावर फुललेली एक फांदी आणि फांदीवर पाखरू. त्याच्यासाठी टीकोझी करायची असं तुमच्या मनात आलं, म्हणजे चहा गरम राहायला वरून घालायची ती कापडी टोपी, आणि तिच्यावर हुबेहूब तेच पाखरू. तुमची नजर बारीक कामाला पुरत नव्हती, म्हणून ती मी करायची असं ठरलं. तुम्ही पॉट माझ्यासमोर धरलात, मी त्याच्या पोटावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने नक्षी उतरवून घेतली. पाखराची चोच तोटीकडे. "ध्यान दे," तुम्ही म्हणालात, "पाखरू तोटीकडं बगतंय. चहा कुठं चाललाय ते त्याला दिसाया पायजे."

बाजींनी त्यासाठी जाड रेशीम काढून दिलं. ते सुईच्या नाकातून जात नाही. म्हणून ते खालच्या दोऱ्याच्या रिळावर, म्हणजे बॉबिनवर, हाताने गुंडाळायचं, कापड पालथं घालायचं आणि मागच्या बाजूने शिवायचं. नक्षी खालच्या अंगाला उमटते, शिवताना काहीच दिसत नाही. रिंग उलटी केल्यावरच कळतं काय झालंय. आणि एवढ्यासाठीच नक्षीचा कागद आधी उलटा लावावा लागतो. बाजींनी दोनदा बजावलं होतं, मीही दोनदा मान डोलावली होती, आणि कागद सुलटाच लावला. तीन रविवार खाली मान घालून मी ते पाखरू भरत होते. रिंग उलटी करून पाहिलं तेव्हा ते इतकं सुरेख दिसलं की मी तशीच धावत तुमच्याकडे आले. काही चुकलंय असं मला वाटलंही नाही. पाखरू मला ओळखीचं वाटत होतं. ते तसं का वाटलं, ते मला गेल्या आठवड्यात कळलं.

तुम्ही माझं कापड टीपॉटवर धरलंत. तुमचा चेहरा उतरला.

"ह्येचं तोंड दांडीकडं झालंय."

मी कागद काढून बघितला. खरंच की. कागदावर चोच डावीकडे, कापडावर उजवीकडे.

"राहू द्या ना आबा. कोण बघतंय?"

"कोण बगतंय मंजी? मी बगतोय. चहा हिकडं आन् पाखरू तिकडं? मेसमधी असलं टेबलावर ठिवलं असतं तर मला उलटा टांगला असता. उसव."

"काय?"

"उसव सगळं. फिरून कर."

जाड रेशमाचे टाके उसवले की कापडाला भोकं राहतात, हे तुम्हाला माहीत होतं. माझे तीन रविवार गेले होते. त्या आठवड्यात ऑफिसात माझं काम माझ्या साहेबाने स्वतःच्या नावावर खपवलं होतं, घरमालकाने घर सोडायला सांगितलं होतं, आणि त्यातलं काहीच मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण कुठलंही असलं तरी बोलले ती मीच.

"ही मेस नाही," मी म्हणाले, "आणि मी तुमची जवान नाही. साहेबाच्या कपातून चोरून दोन घोट प्यायलात म्हणून साहेब झालात का? तीनदा कप धुणाऱ्यांनी मला हुकूम सोडू नये."

वहिनी बिस्किटं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही टवक्याचा कप हातात घेतलात, फडक्याने आतून पुसलात, बाहेरून पुसलात, मोज्यात घातलात आणि कपाटात ठेवलात. मग दुसरा. मी कापड टेबलावर टाकलं आणि निघून आले. जिना उतरताना मला आतून काचेसारखा एक आवाज आला, टिचकीचा. तुम्ही कपाला तडा आहे का, ते बघत होतात.

पुढच्या रविवारी मी क्लासला गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाजींना कळवलं की ऑफिसचं काम आहे. तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, हे खरं आहे. दुसरा आला तेव्हा मी भाजी चिरत होते. स्क्रीनवर ‘आबा’ असं दिसत राहिलं आणि मी कोथिंबीर निवडत राहिले. तुम्ही रागावणार या भीतीपेक्षा तुम्ही रागावणार नाही याची मला जास्त भीती वाटत होती. तुम्ही नेहमीसारखं "काय गं नाशिककर" म्हणाला असतात, तर मी काय बोलले असते? शनिवारी करू, असं मी ठरवलं. आणि शुक्रवारी सकाळी तुम्ही दूध घेऊन आलात, फाटकापाशी जरा टेकतो म्हणालात आणि पुन्हा उठलाच नाहीत. वहिनींचा फोन मात्र मी पहिल्या घंटीला उचलला होता.

तेराव्याची माणसं गेल्यावर मी हातातला कागदी कप कुठे टाकावा ते शोधत होते, तेव्हा वहिनींनी मला आत बोलावलं. कपाट उघडून त्यांनी मफलरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पलंगावर ठेवलं.

"तुमचं हाय हे, ताई. आबा म्हणाले होते, रविवारी ती आली की दाखवायचं. मला बोलायची परमिशन नव्हती. मतलब, त्यांना स्वतः सांगायचं होतं."

मफलरमध्ये टीपॉट होता. त्याच्यावर टीकोझी होती. समोर माझं पाखरू, जसंच्या तसं, एक टाका उसवलेला नाही. मी ते बघत उभी राहिले. वहिनींनी पॉट हळूच फिरवला. दुसऱ्या बाजूला आणखी एक पाखरू होतं. त्याच जाड रेशमाचं, चोच माझ्या पाखराच्या उलट दिशेला, फांदीचा देठ पट्टी लावल्यासारखा सरळ. दोन्ही बाजू पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी जोडलेल्या.

मला अजून कळत नव्हतं. तेव्हा वहिनींनी सांगितलं. मी निघून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही टीपॉट पुसत होतात, आणि पुसता पुसता थांबलात. मग तो टेबलावर ठेवलात, नेहमीसारखा, दांडी उजवीकडे. आणि टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत जाऊन बसलात. माझ्या खुर्चीत.

"मी इतकी वर्षं बघते ना, आबा त्या बाजूला कधी बसले नाहीत. पाहुण्यांची बाजू म्हणायचे. तिथं बसले आणि एकटेच हसायला लागले. मला वाटलं, काय झालं यांना?"

वहिनींनी टीकोझी उचलली आणि खालचा टीपॉट मला दाखवला. त्यालाही दोन्ही अंगांना पाखरं होती. तोटी एकच, म्हणून तिच्याकडे बघणारी पाखरं दोन बाजूंनी दोन दिशांना. ओतणाऱ्याच्या बाजूचं डावीकडे बघणारं, पाहुण्याच्या बाजूचं उजवीकडे. तुम्ही कायम ओतायला उभे, म्हणून तुम्हाला तुमचंच पाखरू दिसायचं. मी कायम समोर बसून चहा पिणारी. मला सगळे रविवार दुसरं पाखरू दिसत होतं, आणि म्हणूनच रिंग उलटी केल्यावर माझं काम मला ओळखीचं वाटलं होतं. आपण दोघं एकाच पॉटशी बसून भांडलो, आबा, आणि दोघांपैकी कुणीही उठून पलीकडे गेलं नाही. मग तुम्ही गेलात.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, आयुष्यभर पुसला, पण पाव्हण्याच्या खुर्चीतनं कधी बघितलाच न्हाई. पोरीचं पाखरू बरोबर हाय. माझंच करायचं राहिलंय." वहिनींनी मफलरची घडी घातली. "आणि ताई, ते कपाचं... दोन घोटांचं. ते त्यांनी मला स्वतःच सांगितलं नंतर. पूर्ण. सांगताना हसत होते."

मी तुमच्या पाखरावरून बोट फिरवलं. पंख होते, शेपटी होती, चोच होती. डोळा नव्हता. मला वाटलं, अर्धंच राहिलं. वेळ मिळाला नाही. आणि मग आठवलं, आणि मी पलंगावर बसले. तुमच्या पाखरांना डोळे कधीच नसायचे. ते तुम्ही माझ्यासाठी ठेवायचात.

म्हणजे मी तसं बोलून गेले, दोन रविवार आले नाही, फोन उचलला नाही, आणि तुम्ही थरथरत्या हातांनी पाखरू भरून, कापडावर एक जागा कोरी ठेवून माझी वाट बघत होतात. मी येणार यात तुम्हाला शंका नव्हती. ती मलाच होती.

काल रविवार होता. मी बाजींकडे गेले. खिडकीजवळच्या मशीनवर कुणीच बसलं नव्हतं. बाजींनी न विचारता दाते उतरवून ठेवले होते. मी तुमचे कच्चे टाके सोडवले, तुमची बाजू रिंगमध्ये ताणली, बॉबिनवर काळं रेशीम गुंडाळलं आणि कापड पालथं घातलं. पालथं घातल्यावर दिसलं, तुम्ही मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ठिपका काढून ठेवला होता. डोळा नेमका कुठे हवा ते मला कळावं म्हणून. हात थरथरत होता तो माझा. बाजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आराम से।" आठ टाके. नववा मी स्वतःच्या मनाने घातला.

आज संध्याकाळी तुमच्या घरी आले. वहिनींनी चहा केला, मी टीकोझीची शिवण पक्की करून टीपॉटवर घातली. आज तुमच्या जागी मी उभी आहे, दांडी माझ्या उजव्या हाताला. समोरच्या खुर्चीत कुणाला बसू दिलेलं नाही. माझ्या बाजूचं तुमचं पाखरू तोटीकडे बघतंय, आता त्याला दिसतंय. पलीकडे माझं आहे, ते मला इथून दिसत नाही, पण बरोबर आहे असं तुम्हीच म्हणालात.

ते राहिलेलं वाक्य आता सांगते. माझं चुकलं, आबा. पाखरू नाही. मी बोलले ते.

मोज्यातून सोनेरी रेघेचा कप काढलाय. टिचकी मारून बघितली, आवाज गोल आला. टवक्याचा कप मी घेतलाय. बसून प्या, सावकाश, आणि धुवायला उठू नका. हा पहिला कप तुमचा.